इद्रीसबेबेच्या पोटरीबाबतचा ठराव

माणसाला भीती विकत घ्यावी लागू लागली, की तो प्रगत झाला असं समजायला हरकत नाही. आमचं हिरिमुला बेट अगदी परवापरवापर्यंत मागासलेलं होतं. आमच्याकडे भीती फुकट मिळायची. चारी बाजूंना समुद्र होता, वादळं ज्या त्या महिन्यात येऊन जात, आणि बंदराच्या तोंडाशी दोन-दोन पुरुष लांबीचे, अंगावर पट्टे असलेले वाघशार्क फिरत. त्याबद्दल आम्ही कुणाकडून दमडी घेत नव्हतो. इतकी संपत्ती पायाशी पोहत असताना आमचे वाडवडील तिच्याकडे पाठ करून मासे धूत बसले, हे आठवलं की आजही समितीच्या बैठकीत दोन मिनिटं कुणी बोलत नाही.

हे शार्क आमच्याच बंदराशी का जमत, याचं शास्त्रीय कारण असं, की आम्ही आळशी आहोत. दुपारी होड्या यायच्या, कुपा म्हणजे टूना मासा धक्क्याच्या उतारावर कापला जायचा, आणि मुंडकी नि आतडी लांब नेऊन टाकायचा कंटाळा म्हणून तिथेच बंदराबाहेर भिरकावली जायची. चाळीस वर्षांच्या या कंटाळ्याला आता सगळ्या अहवालांत ‘पारंपरिक सहजीवन’ म्हणतात. (हा शब्दप्रयोग माझा. त्यासाठी मला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते दहा मिनिटं मागे पडतं, पण आमच्या कार्यालयात ते जाणवत नाही.)

नऊ वर्षांपूर्वी एक परदेशी पाहुणा चुकीच्या बोटीत बसून आमच्याकडे उतरला. परतीची बोट तीन दिवसांनी होती. पहिल्या दिवशी त्यानं बेट पाहिलं, ते पावणेदोन तासांत संपलं. दुसऱ्या दिवशी कंटाळून त्यानं पाण्यात डोकं घातलं. तिसऱ्या दिवशी त्यानं काढलेली चित्रफीत जगभर गेली, आणि त्यानंतर मुद्दाम योग्य बोटीत बसून माणसं येऊ लागली. आज आमच्या एकवीसशे वस्तीच्या बेटावर पाण्यात बुडी मारायला शिकवणाऱ्या चौदा शाळा आहेत. मुलांची शाळा एकच आहे, आणि तिचे गणिताचे मास्तर पाणबुड्यांच्या शाळेत गेले. ज्या घराला दोन खोल्या होत्या त्यातल्या एकीला ‘सागरदर्शन’ अशी पाटी लागली. सागर दिसतो. त्यासाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं आणि शिडी मागून मिळते.

अशा वेगानं प्रगती होऊ लागली की समिती स्थापन करणं भागच असतं. बेटाच्या परिषदेनं ‘शार्क सहजीवन व पाहुणे समाधान समिती’ नेमली आणि मी तिचा सचिव झालो. मी कोलंबोचा वाणिज्य पदवीधर आहे. शार्कबद्दल मला काहीही माहिती नव्हती, त्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली. अध्यक्षपदी फिकरीसाहेब आहेत. ते परिषदेचेही अध्यक्ष असल्यामुळे त्यांना स्वतःला पत्र लिहून स्वतःची परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळायला कधी कधी तीन-तीन आठवडे लागतात. तिसरा सभासद शिहाम, पाणबुड्यांच्या सगळ्यात मोठ्या शाळेचा मालक. तो हिताचा सदस्य आहे, म्हणजे जिथे त्याचं हित असतं तिथे तो हजर असतो.

आता कामाची पद्धत. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला शिहामचे दोन पाणबुडे बंदराच्या तोंडात, आतल्या बाजूला, कुप्याची मुंडकी खडकांखाली दडपून ठेवतात. पाहुणे रांगेत तळाशी बसतात. शार्क येतात. पाहुण्यांसाठी पाच नियम मी स्वतः लिहिले आहेत: १) गुडघ्यांवर बसावं. २) हात छातीशी घट्ट बांधावेत (मशिदीतल्यासारखे नव्हेत; ही दुरुस्ती इमामसाहेबांच्या सूचनेवरून). ३) शार्ककडे पाठ करू नये. ४) शार्कला स्पर्श करू नये. ५) शार्कनं स्पर्श केल्यास नियम चार शिथिल समजावा. वर आल्यावर ९१ टक्के पाहुणे वहीत ‘आयुष्य बदलून गेलं’ असं लिहितात. उरलेले ९ टक्के तेव्हा ओकत असतात.

या उपक्रमाचे शार्कवर वाईट परिणाम होतात असं एक संशोधक बाई येऊन म्हणून गेल्या. आम्ही ते नम्रपणे ऐकून घेतलं. वस्तुस्थिती उलट आहे. पूर्वी हे जनावर हजार हजार मैल भटकायचं. घर नाही, दार नाही, कशाचा ठिकाणा नाही. आता ते नऊला हजर असतं. पूर्वी शिकार करावी लागे, त्यात इजा होई. आता अंगानं भरलं आहे आणि पोट धरून सावकाश वळतं. शुक्रवारी नमाजामुळे सकाळची पाळी नसते, तर शुक्रवारी सकाळी एकही शार्क दिसत नाही. इतकी शिस्त परिषदेच्या कार्यालयात आणायला आम्हाला जमलेलं नाही.

प्रत्येकाला शिहामनं नाव दिलं आहे. बेगम, काकू, वाकडी शेपटी, आणि एक ‘सचिव’. हा सचिव नामक शार्क वेळेवर येतो, सगळ्यांच्या मागे राहून तीन-चार गोल चकरा मारतो, कशालाच तोंड लावायचं धाडस करत नाही आणि शेवटी दुसऱ्यांनी सोडलेलं खाऊन जातो. हे नाव कुणावरून ठेवलं असं मी शिहामला विचारलं होतं. तो म्हणाला, “सहज सुचलं.”

माणसांवरचे परिणामही असेच उत्साहवर्धक आहेत. बेटावर सेहेचाळीस होड्या होत्या. त्यातल्या पंचेचाळीस आता पाहुणे वाहतात, कारण पाहुणा गळाला लावावा लागत नाही. त्यामुळे कुपा कोण पकडणार आणि मुंडकी कुठून आणायची असा एक किरकोळ प्रश्न उभा राहिला. तो सोडवला. सोमवारी आणि गुरुवारी शेजारच्या बेटावरून बर्फात घातलेली मुंडकी येतात. तिथली माणसं विचारतात, “काय हो, तुमच्या समुद्रातले मासे संपले?” आम्ही सांगतो, “मासे आहेत. मासेमार कामावर आहेत.” पुढे समितीच्या ठराव क्रमांक बारानुसार कुप्याचं मुंडकं ही सार्वजनिक मालमत्ता ठरली आणि ते घरी शिजवायला बंदी आली. गरुधिया, म्हणजे आमचा माशाचा पातळ रस्सा, मुंडक्याशिवाय होत नाही असं बायका म्हणतात. बायकांचं काय, त्या बोलतात. माझ्या घरी आता डबा फोडतात. डब्यावर कुप्याचं छान चित्र असतं, मुंडक्यासकट.

राहता राहिलं पाणी. पूर्वी शार्क बंदराबाहेर थांबत. माणूस आणि मुंडकं यांचा काही संबंध असतो हे त्यांच्या गावी नव्हतं. तो संबंध आम्ही रोज दोन वेळा शिकवणी घेऊन त्यांच्या डोक्यात पक्का केला. साहजिकच धक्क्यावर पाटी लावावी लागली: ‘स्थानिकांनी पाण्यात उतरू नये.’ खाली दुसरी पाटी: ‘पाहुण्यांनी उतरण्यासाठी डावीकडे वळावे.’ मुलांचा पोहण्याचा तास बंद करता येत नव्हता, तो अभ्यासक्रमात आहे. तो आता सभागृहात बाकांवर पालथं झोपून घेतात. गेल्या वर्षीचा निकाल शंभर टक्के लागला.

इतक्या सुरळीत चाललेल्या व्यवस्थेत एकच माणूस अडचण करून होता. माझ्या बायकोचा थोरला भाऊ, इद्रीस. त्याला सगळं बेट इद्रीसबेबे म्हणतं. बेबे म्हणजे थोरला भाऊ, आणि त्याच्या वयाचं बंदरात दुसरं कुणी उरलं नसल्यामुळे तो सगळ्यांचाच थोरला. वय त्रेसष्ट. सेहेचाळिसावी होडी त्याची. तो रोज पहाटे जातो, गळकाठीनं कुपा धरतो, दुपारी परत येतो आणि उतारावर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मासे धुतो. त्याचा बाप तिथेच उभा राहून धूत असे. पाटी लागल्यावर तो माझ्याकडे आला आणि त्यानं रीतसर अर्ज दिला. अर्ज असा होता:

‘शार्कांचं जेवण पूर्वेच्या खडकावर न्यावं, तिथे कुणी राहत नाही. मला मासे धुवायला बंदराचं पाणी पाहिजे. घरचं पाणी गोडं आहे, त्यानं मासा लिबलिबीत होतो. बाकी काही नको. इद्रीस.’

माझ्या नोकरीत इतका सोपा अर्ज मी पाहिला नव्हता, म्हणून मी सावध झालो. पूर्वेच्या खडकापर्यंत होडीनं पंचवीस मिनिटं लागतात. पंचवीस मिनिटांत पाहुण्याला बोट लागते, बोट लागली की तो वहीत वाईट लिहितो. अर्ज मंजूर करणं अशक्य होतं. नामंजूर करणंही अशक्य होतं, कारण ईदचं जेवण दर वर्षी त्याच्या घरी असतं. मी तो उपसमितीकडे पाठवला.

चौदा महिने बेबे मला संध्याकाळी मशिदीमागच्या जाळीच्या खुर्च्यांवर गाठायचा. सुपारी कातरता कातरता विचारायचा.

“काय सचिवसाहेब, अर्ज कुठवर पोचला?”

“उपसमितीकडे आहे, बेबे.”

“उपसमितीत कोण कोण आहे?”

“सध्या मी एकटाच आहे.”

“बरं. मग तू तुला कुठे भेटलास, तर माझी आठवण कर.”

या काळात तो पाण्यात उतरतच राहिला. मी त्याला तीन नोटिसा दिल्या. तिन्ही त्यानं मासे गुंडाळायला वापरल्या, आणि एकीत गुंडाळलेला मासा माझ्याच घरी पाठवला. (मुंडक्यासकट. ठराव बाराचा भंग होऊ नये म्हणून आम्ही तो दार लावून खाल्ला.)

मग एका मंगळवारी, दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी, इद्रीसबेबे उतारावर मासे धूत असताना त्याच्या डाव्या पोटरीबाबत घटना घडली. मी ‘घटना’ म्हणतो, कारण पुढचा शब्द ठरवायला आम्हाला नऊ दिवस लागले. आरोग्य केंद्रात एकवीस टाके पडले. मी पोचलो तेव्हा बेबे पालथा पडला होता आणि डॉक्टरला विचारत होता, की कुपा कुणी उन्हातून उचलला का.

“कोण होता?” मी विचारलं.

“तुझाच माणूस,” तो उशीत तोंड घालून म्हणाला. “उजव्या कल्ल्यामागे खाच आहे तो. सचिव.”

त्या रात्री माझी बायको सकीना भांडी घासून झाल्यावर हात पुसत म्हणाली, “नऊ वर्षं समितीत बसून तुला जे जमलं नाही, ते त्यानं एका मिनिटात केलं.”

“काय केलं?”

“निर्णय घेतला.”

समितीची तातडीची बैठक दुसऱ्याच आठवड्यात झाली. प्रश्न गंभीर होता. धक्क्यावर आमचा एक फलक आहे: ‘चाव्याविना दिवस’, आणि खाली आकडा. तो त्या दिवशी ३,२११ होता. तो शून्य करायचा झाला तर चौदा शाळांच्या पत्रिका नव्यानं छापायला लागणार होत्या.

“मुळात चावा म्हणजे काय?” फिकरीसाहेबांनी विषयाला हात घातला. “चावा म्हणजे चावण्याच्या हेतूनं केलेला चावा. हेतू कुणी पाहिला आहे का?”

“कुणी नाही,” शिहाम म्हणाला. “साहेब, मी या जनावरांना ओळखतो. त्याला फक्त बघायचं होतं काय आहे ते. त्याला हात नाहीत. आपण हातानं चाचपतो, तो तोंडानं चाचपतो.”

“एकवीस टाके पडलेत,” मी म्हणालो.

“जरा जोरात चाचपलं असेल.”

शिहाम हा अकरा वर्षं बेबेच्याच होडीवर गळ टाकायला होता, हे इथे नमूद करतो. बैठकीच्या आधी तो केळी घेऊन बेबेला भेटूनही आला होता. वाईट मुलगा नाही. त्याच्या बोटीचे हप्ते आहेत, आणि हप्ते असलेल्या माणसाला शार्कचा हेतू चटकन समजतो.

अखेर ‘अनाहूत मौखिक संपर्क’ हा शब्द एकमतानं मंजूर झाला. सुचवणारा मी होतो. (दुसरं घड्याळ मिळेल असं वाटलं होतं. मिळालं नाही.) डॉक्टरच्या दाखल्यात इजेच्या कारणापुढे ‘कठीण वस्तूशी संबंध’ लिहून घेतलं. तो कागद मी बेबेकडे सहीसाठी नेला. त्यानं दोनदा वाचला.

“दात कठीणच होते,” तो म्हणाला आणि सही केली. मग चष्मा काढून विचारलं, “आणि माझा अर्ज?”

मी सांगितलं की आता प्रकरण तांत्रिक झालं आहे.

इथे हे प्रकरण संपायला हवं होतं. आम्ही सगळं व्यवस्थित बुजवलं होतं. पण त्या मंगळवारी धक्क्यावर एक पाहुणा समुद्राचं चित्रीकरण करत उभा होता, आणि क्षितिजाच्या खाली, चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, माझा मेहुणा आला. दोन आठवड्यांत ती चित्रफीत चाळीस लाख लोकांनी पाहिली. आम्ही हाय खाल्ली. फिकरीसाहेबांनी रजेचा अर्ज लिहून स्वतःकडे पाठवला. मी कोलंबोतल्या एका वर्गमित्राला नोकरीबद्दल पत्र टाकलं.

आलेला प्रतिसाद पुढीलप्रमाणे: आरक्षण रद्द केलेले पाहुणे, चार. नव्यानं चौकशी करणारे, दोनशे सतरा. त्यांतले एकशे नव्वद जण एकच विचारत होते: ‘हे तेच ठिकाण का?’

अध्यक्षांची रजा अध्यक्षांनी नामंजूर केली आणि पुन्हा बैठक भरली.

“आपल्या दप्तरात काही खोटं राहू नये,” फिकरीसाहेब म्हणाले. “चावा हा चावाच होता.”

“मग आधीचं जे लिहिलंय ते?” मी विचारलं.

“ते खोटं नव्हतं. अपुरं होतं.”

आकडा शून्य झाला, आणि शिहामनं तो शून्य लाल रंगानं रंगवून घेतला. अहवालात मी ‘मौखिक संपर्क’ खोडून ‘भीषण हल्ला’ लिहिलं. ‘भीषण’ शब्दावर मतदान झालं. पाहुण्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रवाळदर्शन आणि रात्रीचं भाजलेल्या माशाचं जेवण यांच्या मधे ‘चावलेल्या माणसाची भेट’ अशी नवी नोंद आली. आता फक्त चावलेल्या माणसाला विचारायचं राहिलं होतं. ते काम अर्थातच नातेवाइकाकडे आलं. फिकरीसाहेब आणि शिहामही सोबत आले, मी घाबरून काही वेगळं बोलू नये म्हणून.

बेबे ओसरीत बसून गळकाठीला दोर गुंडाळत होता. पोटरीवर पट्टी होती. शिहामनं योजना समजावून सांगितली: धक्क्यावर छत्रीखाली चांगली गादीची खुर्ची, नारळपाणी, दिवसातून दोनदा पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्यायचा, बोलायची गरज नाही.

“मला खुर्चीत बसायचं नाही,” बेबे म्हणाला. “मला मासे धुवायचेत.”

“बेबे, ऐका तर. बसून मिळतंय, तर उभं कशाला राहायचं?”

“शिहाम, तू अकरा वर्षं माझ्या होडीत होतास. कधी मला बसलेला बघितलंस?”

मला वाटलं, आता जेवण पूर्वेच्या खडकावर न्यायचं कुणीतरी म्हणेल. मी म्हणणार होतो. माझं वाक्य जवळपास जुळत आलं होतं. एवढ्यात फिकरीसाहेब म्हणाले, “मग धुवा की.”

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघू लागलो. मोठा माणूस का मोठा असतो हे अशा वेळी कळतं. त्यांनी जागच्या जागी तोडगा काढला. स्थानिकांना पाण्यात उतरायला बंदी आहे ती राहील. फक्त इद्रीस यांना विशेष परवाना क्रमांक एक देण्यात येईल. त्यांनी रोज दुपारी साडेतीन ते सव्वाचार, नेहमीच्याच जागी, कमरेएवढ्या पाण्यात मासे धुवावेत. पाहुणे धक्क्यावरून बघतील. म्हणजे अर्ज मंजूर, पाहुणेही खूश, आणि खडकापर्यंत जायला नको.

“रोज?” बेबेनं विचारलं.

“शुक्रवार सोडून.”

बेबेनं दोराची गाठ मारली, ओढून बघितली. “पाणी मिळतंय ना,” तो म्हणाला. “बघू देत मग बघायचं त्यांना.”

असा चौदा महिन्यांनी त्याचा अर्ज निकाली निघाला. दप्तरात मी तशी नोंद केली आणि शेजारी, कुणी न सांगता, ‘समाधानकारक’ असं लिहिलं.

पहिल्या शनिवारी धक्क्यावर एक्केचाळीस पाहुणे होते. मला शिट्टी देण्यात आली होती. इद्रीसबेबे किंचित लंगडत उतारावरून खाली गेला, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि पहिला कुपा हातात घेतला. एक्केचाळीस माणसांनी श्वास रोखला, ते मला पाठीमागून ऐकू आलं. बेबेनं वर पाहिलं नाही. मासा फिरवायचा, पोटाकडून अंगठा घालायचा, खळखळून पाणी, मग पाटीत. दुसरा मासा. पाटी लागल्यापासून पहिल्यांदाच त्याला धाक नसताना, नोटीस नसताना धुवायला मिळत होतं, आणि त्याच्या खांद्यांवरून ते दिसत होतं. मधेच त्यानं मला विचारलं, “काय रे, मान का लांब केलीस?”

“पाण्यात काहीतरी हललं, बेबे.”

“मी हललो.”

सव्वाचारला तो पाटी डोक्यावर घेऊन घरी गेला. काही घडलं नाही. रविवारीही घडलं नाही, आणि सोमवारीही नाही. घडणार कसं? त्या मंगळवारी पाळी व्हायची होती; आता तीनच्या पाळीत शार्क तुडुंब जेवलेले असत आणि साडेतीनला वामकुक्षी घेत. आठवड्याअखेरीस मी वह्या तपासल्या. दर दहा पाहुण्यांमागे नऊ जणांचा अभिप्राय होता: ‘काहीच झालं नाही.’ एका बाईंनी मात्र सविस्तर लिहिलं होतं, की म्हातारा माणूस फार शांतपणे मासे धुतो आणि आपल्याला आपल्या वडिलांची आठवण आली. त्यांनीही गुण पाचपैकी दोनच दिले होते.

तक्रारीची दखल घेणं समितीच्या नावातच आहे. मसुदा शिहामनं आणला आणि माझ्यापुढे ठेवताना तो खिडकीबाहेर बघत होता. मसुदा दीड ओळीचा आहे: ‘परवाना क्रमांक एकच्या शनिवारच्या कार्यक्रमाआधीचे दोन दिवस शार्कना अन्न देऊ नये.’ खाली फिकरीसाहेबांची सही आहे. शेजारी सचिवाच्या सहीसाठी जागा आहे. त्या सहीशिवाय ठराव लागू होत नाही.

“हप्ते आहेत रे,” शिहाम जाता जाता म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही.

कागद घरी आणायची मला सवय आहे. सकीनानं तो जेवणाआधी वाचला.

“सही केलीस?”

“नाही.”

“फाडलास?”

“तो मूळ कागद आहे, फाडता येत नाही.”

“बेबेला सांगितलंस?”

“फलकावर लागेल तेव्हा त्याला कळेलच.”

“मग नऊ ते चार तू केलंस काय, रमीझ?”

“मुदत दिली,” मी म्हणालो. तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः भावाकडे निघून गेली. अजून आलेली नाही. घरात डबे बरेच आहेत.

मुदतीचं असं आहे: परिषदेच्या नियमानुसार कुठल्याही वादग्रस्त ठरावावर सही करण्यापूर्वी तीस दिवस जनतेच्या हरकती नि सूचना मागवता येतात. जनता म्हणजे फक्त बेटावरचीच, असं नियमात कुठे म्हटलेलं नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून आपल्यापुढे ठेवलं आहे. आपण इथपर्यंत आला आहात. समितीच्या रचनेपाशी आपण थोडे पेंगलात, त्यात काही गैर नाही, मीही पेंगतो. पोटरीपाशी आपण सावरून बसलात. आणि शनिवारी, रविवारी, सोमवारी काहीच झालं नाही असं वाचलंत, तेव्हा आपण इद्रीसबेबेसाठी निःश्वास सोडलात की पान उलटून पुढे काय आहे ते पाहिलंत, हे आपलं आपल्याला ठाऊक. वहीत लिहायची सक्ती नाही.

हरकत असल्यास ती कारणासह, लेखी, माझ्या नावे पाठवावी. तीस दिवसांत आपल्याकडून काही न आल्यास आपली ठरावाला संमती आहे असं गृहीत धरण्यात येईल, आणि त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी दुपारी साडेतीन वाजता धक्क्यावरची पुढच्या रांगेतली एक जागा आपल्या नावे राखून ठेवण्यात येईल.